मुख्य गायक दोन

जिल्हा कोषागारातून निवृत्त झालेल्या माणसाला रिकामं बसता येत नाही. पस्तीस वर्षं त्यानं लोकांची बिलं त्रुटी काढून परत पाठवलेली असतात. मराठवाड्यातल्या निम्म्या माणसांप्रमाणे त्याचाही जन्म शाळेच्या मास्तरांनी १ जूनला लावलेला असतो, म्हणून तो ३१ मेला सुटतो. दुसऱ्या दिवशी परत पाठवायला घरात पेपरवाल्याच्या बिलाशिवाय काही नसतं. पुढच्या वाटा ठरलेल्या असतात : बांध कोरणाऱ्या चुलतभावावर दावा, नाहीतर पेन्शनर संघटनेचं कोषाध्यक्षपद, नाहीतर पारायण. नांदेडच्या आमच्या ट्रेझरीवाल्या काकांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी तेराव्या शतकातलं संगीत वाजवायला घेतलं.

काकांच्या जातीचा माणूस प्रत्येक तालुक्याला एखादा असतोच. कुणाला निजामाची नाणी लागतात, कुणाला मोडी कागद, कुणाला बारव. हा गाण्याचा आहे, एवढाच फरक. या माणसाला जुनं आवडतं असं लोक समजतात, पण ते अर्धंच खरं. त्याला आवडतं ते समोर आलेल्या वस्तूला ‘हे अलीकडचं आहे’ असं सांगणं. काकांसमोर तानसेनाचं नाव काढून पाहा. ‘बरा होता,’ म्हणतील, ‘पण अकबराच्या वेळचा. म्हणजे तसा नवाच.’

त्यांची स्वतःची कालमर्यादा १२४७ ही आहे. त्या साली देवगिरीच्या सिंघण यादवाची कारकीर्द संपली. १२१० पासूनच्या या कारकीर्दीत शार्ङ्गदेव नावाच्या पंडितानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात अध्यायांचा ग्रंथ, त्यात स्वर, श्रुती, २६४ राग, प्रबंध, ताल, वाद्यं आणि शेवटी नृत्य. हिंदुस्थानी असो की कर्नाटकी, दोन्हीकडचे लोक ज्याला प्रमाण मानतात तो हा ग्रंथ आपल्या मराठवाड्यात लिहिला गेला. याचा अभिमान बाळगायला हरकत नव्हती. पण काकांना तो ग्रंथ भिडला तो एका वेगळ्याच वाक्यात. निरोपसमारंभात शाल-श्रीफळासोबत कुणीतरी तारळेकरांनी केलेलं मराठी भाषांतर हातात ठेवलं होतं. काकांनी ते सवयीनं पहिल्या पानापासून तपासायला घेतलं आणि त्यांना कळलं की शार्ङ्गदेव सिंघणाच्या दरबारात श्रीकरणाचा, म्हणजे हिशेब-दप्तराचा प्रमुख होता.

‘अकाउंट्सचा माणूस!’ काका त्या दिवशी गल्लीत तीन घरी सांगून आले. ‘आमच्याच खात्यातला!’ त्यांच्या बोलण्यावरून शार्ङ्गदेवाची पेन्शन केस अजून प्रलंबित असावी असं वाटे. शार्ङ्गदेव स्वतःला ‘निःशंक’ म्हणवत असे. तेवढं मात्र काकांना पटलं नाही. कोषागारातला माणूस निःशंक असेल तर त्याची चौकशी लावली पाहिजे, असं त्यांचं मत आहे.

हिशेबी माणसानं लिहिलेल्या ग्रंथात हिशेबी माणसाला फार करमतं. शार्ङ्गदेवानं गायकाचे २५ दोष मोजून दिले आहेत. दात आवळून गाणारा, घाबरत गाणारा, कावळ्यासारखा आवाज काढणारा ‘काकी’, गाल भोपळ्यासारखे फुगवणारा ‘तुंबकी’, उंटासारखी मान ताणणारा ‘करभ’, डोळे मिटून गाणारा ‘निमीलक’, नाकात गाणारा ‘सानुनासिक’. काकांनी लांब रजिस्टर घेतलं, २५ रकाने आखले आणि नांदेडातल्या मैफलींत मागच्या रांगेत बसून खुणा करायला सुरुवात केली. माळेगावच्या यात्रेत उंट पाहिलेले असल्यामुळे ‘करभ’ ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. ‘निमीलक’चा रकाना पहिल्याच महिन्यात भरला, आपल्याकडचे भावगीतगायक जवळजवळ सगळे त्यातच गेले. एका गायकाच्या नावापुढे एकही खूण नाही, असं कधी झालं का? एकदा झालं. त्या दिवशी कार्यक्रम रद्द झाला होता.

एवढ्यावर थांबले असते तर गावात एक तऱ्हेवाईक श्रोता वाढला असता, बाकी काही बिघडलं नसतं. पण पुढे त्यांना वृंदाचा भाग सापडला.

शार्ङ्गदेव सांगतो, उत्तम वृंदात मुख्य गायक ४, त्यांच्या सोबतीला समगायन ८, गायनी १२, बासरीवाले ४ आणि मृदंगवाले ४. बेरीज ३२. याच्या निम्मा तो मध्यम वृंद. आणि कनिष्ठ वृंद म्हणजे मुख्य गायक १, समगायन ३, गायनी ४, बासरी २, मृदंग २, एकूण १२. काकांनी हे वाचलं आणि त्यांचे डोळे पाणावले. मंजूर पदं, संवर्गवार! आठशे वर्षांपूर्वीचा आकृतिबंध! आता फक्त पदभरती करायची बाकी होती. त्यांनी कनिष्ठ वृंदापासून सुरुवात करायची ठरवली. हा गृहस्थ कुठलीही मागणी किमान दराप्रमाणेच करतो.

मुख्य गायकाचं पद त्यांनी स्वतः भरलं. त्यासाठी जाहिरात निघाली नाही.

इथपर्यंत सगळं नियमानुसार चाललं होतं. अडचण लातुरात निघाली. तिथे याच जातीचा दुसरा एक माणूस होता, स्थानिक निधी लेखा परीक्षेतून निवृत्त झालेला. त्याच्याकडेही तोच ग्रंथ, तशीच रकान्यांची वही आणि मुख्य गायकाचं पद तसंच भरलेलं. ट्रेझरीचा माणूस पैसे देताना अडवतो, ऑडिटचा माणूस दिल्यावर का दिले विचारतो. दोघांचं जमणं मुळातच अवघड. त्यात एक नांदेडचा, दुसरा लातूरचा. नवं महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून २००९ साली किती मोर्चे, किती बंद आणि किती कोर्टबाजी झाली हे ज्यांना आठवतं त्यांना हे वेगळं सांगायला नको. दोन्ही जिल्ह्यांनी महाराष्ट्राला मुख्यमंत्री दिलेत. नांदेडनं शंकरराव आणि अशोकराव चव्हाण, लातूरनं शिवाजीराव निलंगेकर आणि विलासराव देशमुख. त्यामुळे नावात ‘मुख्य’ नसलेलं पद इकडे कुणी घेत नाही.

सुटलं ते शास्त्राच्या आधारे सुटलं. मध्यम वृंदात मुख्य गायक २ चालतात. तेव्हा कनिष्ठ वृंदाचा मध्यम करायचा असं ठरलं. दोन माणसांचा मान राखण्यासाठी आता समगायन ४, गायनी ६, बासरी २ आणि मृदंग २ अशी आणखी चौदा माणसं जमवणं आलं. सरकारी नोकरीत ही पद्धत नवी नाही. एक अधिकारी सामावण्यासाठी अख्खं कार्यालय काढलं जातं.

सरावाची जागा ठरवायला दोन महिने गेले. नांदेड-लातूर रस्त्यावर अहमदपूर सोयीचं, पण ते लातूर जिल्ह्यात. लोहा नांदेड जिल्ह्यात. अखेर एका महिन्यात अहमदपूर आणि दुसऱ्या महिन्यात लोह्याजवळचं माळेगाव असा करार झाला आणि तो दोन प्रतींत टंकलिखित झाला.

बासऱ्यांचं प्रकरण मला फार आवडतं. ग्रंथात वाद्यांची मापं अंगुलांत आहेत. फुंकायचं भोक आणि बोटांचं पहिलं भोक यांच्यात किती अंगुलांचं अंतर आहे त्यावरून बासरीला एकवीर, उमापति, त्रिपुरुष अशी नावं आहेत. काका ग्रंथ घेऊन बांबूवाल्याकडे गेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘सायेब, बोट कुणाचं धराव? तुमचं का माझं?’ काकांनी स्वतःचं बोट दिलं. लातूरच्या ऑडिटरांनीही तिकडच्या कारागिराला स्वतःचंच दिलं. काका काडीसारखे, ऑडिटर अंगानं भरलेले. अहमदपूरला पहिल्यांदा दोन्ही त्रिपुरुष एकत्र फुंकले तेव्हा शेजारच्या हॉटेलातला पोऱ्या बाहेर येऊन बघून गेला.

काकांचा भाचा जर्मनीत असतो. त्यानं समजुतीसाठी तिकडची माहिती पाठवली. युरोपातही असे लोक आहेत आणि ते चांगले पैसे घेऊन कार्यक्रम करतात. बाखच्या काळची वाद्यं पुन्हा तशीच घडवायची, व्हायोलिनला पोलादी नव्हे तर आतड्याची तार लावायची, चारपाच जणांनी बसून वाजवायचं. तिकडेही जुन्या काळी गावागणिक सूर वेगळा होता. आजचा ठरलेला सूर ४४० कंपनांचा; जुनं संगीत वाजवणाऱ्या बहुतेकांनी आपसांत ठरवून ४१५ धरला. म्हणजे एका सोयीच्या आकड्यावर तडजोड. काकांनी हा आकडा ऑडिटरांना कळवला. ऑडिटरांचं उत्तर आलं : ‘४१५ कोणत्या शासननिर्णयान्वये?’

त्याच पत्रात भाच्यानं डोल्मेच नावाच्या गृहस्थाची गोष्ट कळवली होती. इंग्लंडात जुन्या वाद्यांचं वेड यानंच रुजवलं. १९१९ मध्ये वॉटर्लू स्टेशनवर त्याच्या लहान मुलाच्या हातून पिशवी फलाटावरच राहिली आणि तिच्यातली अठराव्या शतकातली रेकॉर्डर, म्हणजे तिकडची उभी बासरी, गेली. मग त्यानं स्वतःच नवी केली आणि तिथून त्या वाद्याचा पुन्हा प्रसार झाला. हे वाचल्यापासून काका आपली बासरी बसस्टँडवर विसरायचा मनापासून प्रयत्न करतात. पण मराठवाड्यात माणसं फार प्रामाणिक. कंडक्टर खिडकीतून हाका मारून परत देतो.

बासरीवाली पोरंही टिकत नाहीत. लातूरला चांगला फुंकणारा एक मुलगा मिळाला होता. अकरावीला गेला आणि ट्यूशनच्या गल्लीत दिसेनासा झाला. ‘नीट झाल्यावर येतो’ म्हणाला. नीट झाली, मग तो रिपीटर झाला. लातूर पॅटर्नपुढे शार्ङ्गदेवाचं काय चालणार?

मृदंगाला पखवाजावर भागवायचं ठरलं. त्यातही काकांनी ‘तात्पुरती व्यवस्था’ असा शेरा मारला. वारकऱ्यांच्या या मुलखात पखवाजी शेकड्यांनी आहेत, पण सप्ताहांच्या दिवसांत एकही मोकळा नसतो. समगायनासाठी ऑडिटरांनी औशाची माणसं सुचवली. औशाच्या नाथ संस्थानातलं चक्रीभजन प्रसिद्ध आहे. तिथे गाणारे गात गात गोल फिरतात. काका म्हणाले, फिरण्याची तरतूद ग्रंथात नाही. ऑडिटर म्हणाले, मनाई कुठे आहे? यावर बारा पत्रं झाली. औशाची मंडळी मधल्या काळात आपला नेम न चुकवता फिरत आणि गात राहिली.

वास्तविक ज्याला जुनं ऐकायचं आहे त्याला या भागात दारोदार हिंडावं लागत नाही. माहूरला संबळ-तुणतुण्यावर गोंधळ उभा राहतो, माळेगावला वाघ्या-मुरळी खंडोबाची गाणी म्हणतात. माळेगावच्या सरावाच्या दिवशी देवळाजवळ एक फड रंगला होता : दिमडी, तुणतुणं, घाटी. काका उभं राहून ऐकत होते, पायानं ठेकाही धरला होता. गाणं संपल्यावर त्यांनी वही काढली.

‘तुम्ही चौघंच?’

‘हाव जी.’

‘शास्त्राप्रमाणे कमीत कमी बारा लागतात.’

वाघ्यानं भंडाऱ्याची चिमूट त्यांच्या कपाळाला लावली. ‘सायेब, चौघांचीच बिदागी निघंना गेली. बारा जणं कुठून आणू? त्या शास्त्रवाल्याला म्हणाव, आठ माणसाचे पैसे धाडून दे.’

काकांनी वहीत ‘निधीअभावी पदे रिक्त’ असं लिहिलं. त्यांच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत एवढी अचूक नोंद त्यांनी क्वचितच केली असेल.

गुरुद्वाऱ्यातही ते जाऊन आले. सचखंड हुजूर साहिब त्यांच्या घरापासून लांब नाही. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी इथेच देह ठेवला आणि ग्रंथालाच गुरुपद दिलं. त्या ग्रंथसाहिबात नरसीच्या आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत आणि प्रत्येक पद कोणत्या रागात गायचं हे वर लिहिलेलं आहे. पहाटे रागी कीर्तनाला बसले की नामदेव पंजाबातून फिरून पुन्हा गोदावरीकाठी येतात. मी एकदा काकांसोबत होतो. ते तल्लीन झाले होते. डोळे मिटले होते, म्हणजे त्यांच्याच रजिस्टरप्रमाणे निमीलक. बाहेर आल्यावर मी विचारलं, ‘कसं वाटलं?’

‘फार उत्तम,’ काका म्हणाले. ‘पण आदिग्रंथाची संहिता १६०४ ची. फारच अलीकडची.’ आणि लंगरमध्ये दोनदा खीर घेतली.

भोपळा मिरजेहून मागवला. तंबोऱ्याचं गाव ते. शिकलगारांच्या कारागिरीला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. आलापिनी नावाची एकतारी वीणा छातीशी धरून वाजवायची, असं ग्रंथात आहे. ती बनवायचा काकांचा बेत होता. भोपळा लातूरच्या पत्त्यावर आला. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं तेव्हा लातूरकरांनी स्टेशनवर जेवढी गर्दी केली नव्हती तेवढी पत्रं या भोपळ्याच्या ताब्यावरून झाली. तो अजून ऑडिटरांकडे आहे, ‘मुद्देमाल’ अशी चिठ्ठी लावून.

उरल्या सहा गायनी. काकू गल्लीतलं भजनी मंडळ चालवतात, तेव्हा ही भरती सोपी, असं काकांना वाटलं होतं. काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘पेटी कोण वाजवणार?’

काकांच्या मते पेटी हे पॅरिसचं पाप आहे. तिथल्या दबॅ नावाच्या माणसानं तिचं पेटंट १८४२ मध्ये घेतलं. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला स्टुडिओत येऊ दिलं नव्हतं. हा काळ काकांना भारतीय प्रशासनाचा सुवर्णकाळ वाटतो. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. ‘बरं,’ म्हणाल्या, ‘पेटी नको तर नको. सूर तुम्ही द्या.’ काकांनी सूर दिला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पुढच्या बैठकीला पेटी आली. तिच्यावर शाल पांघरून तिला ‘आसन’ म्हणायचं ठरलं.

गायच्या प्रबंधाची, म्हणजे त्या काळच्या बांधीव गाण्याची, चाल हा पुढचा प्रश्न होता. ग्रंथात सरगम दिलेली आहे, पण तेव्हाचे शुद्ध स्वर आजचे नव्हेत. ते आजच्या काफीच्या जवळपासचे असावेत असं पुष्कळ अभ्यासक मानतात. काकांनी एक ओळ काफीच्या अंगानं म्हणून दाखवली. तिसऱ्या मात्रेला पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, ‘अगं बाई, हे तर आपल्या मंगळवारच्या भजनाचंच!’ आणि मंडळानं ते उचललं. काका ‘थांबा, थांबा, अजून श्रुती तपासायच्यात’ म्हणत होते. कुणी थांबलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी फार छान गायलं गेलं.

कार्यक्रम कोजागिरीला, नांदेडच्या एका मंगल कार्यालयात ठरला. पत्रिकेत ‘मध्यम वृंद (१६)’ असं छापलं होतं. दोन मुख्य गायक, चार समगायन, दोन बासऱ्या, दोन पखवाज अशी दहा माणसं वेळेवर आली. मग काकू आल्या. त्यांच्यासोबत सगळं मंडळ होतं, २३ बायका, एकसारख्या जांभळ्या साड्या नेसून.

‘सहा सांगितल्या होत्या,’ काका दारात रजिस्टर घेऊन उभे राहिले.

‘साड्या तेवीस घेतल्यात,’ काकू म्हणाल्या.

काकांनी बेरीज केली. दहा आणि तेवीस, तेहतीस. त्यांचा चेहरा उतरला. ३२ पर्यंत उत्तम वृंद. त्याहून मोठ्या वृंदाला शार्ङ्गदेवानं स्पष्ट नाव दिलं आहे : कोलाहल. एका माणसानं सगळं शास्त्राबाहेर जात होतं.

‘एक बाई कमी करा,’ काका म्हणाले.

‘कोणती, ते तुम्ही सांगा. तिच्यासमोर सांगा.’

काकांनी लातूरकडे पाहिलं. ऑडिटरांनी नांदेडकडे पाहिलं. दोन मुख्य गायकांपैकी एकानं श्रोत्यांत बसायचं तर कुणी बसायचं, यावर स्टेजमागे चर्चा सुरू झाली. तिच्यात कराराच्या दोन्ही प्रती निघाल्या. श्रोते शेंगा संपवून चुळबुळ करायला लागले. शेवटी काकू आत आल्या.

‘अहो, मागं दूध चढवलंय. आचारी विडीला गेलाय. उतू गेलं तर तुमच्या रजिस्टरात लिहाल. जा बघू.’

काका पळतच गेले. शासकीय मालाचं नुकसान त्यांना बघवत नाही. इकडे ३२ जणांनी सुरुवात केली आणि मागे काका एका हातानं कढईतलं दूध ढवळत, दुसऱ्या हातानं ताल धरत मोठमोठ्यानं गात राहिले. श्रोत्यांनी दोन वेळा वन्स मोअर मागितला. दूधही छान आटलं होतं, केशर थोडं कमी.

आठव्या दिवशी लातूरहून लेखापरीक्षण अहवाल आला. परिच्छेद एक : उत्तम वृंदास मुख्य गायक चार अनुज्ञेय असून प्रत्यक्षात एकच (लातूर) हजर आढळला. परिच्छेद दोन : गायनी बारा अनुज्ञेय असता तेवीस आढळल्या, जादा अकरा कोणत्या आदेशान्वये? परिच्छेद तीन : ‘आसन’ या सदराखालील वस्तूतून आवाज येत होता. काकांनी अनुपालन पाठवलं. पहिला आक्षेप त्यांना मान्य नव्हता, कारण दुसरा मुख्य गायक (नांदेड) स्वयंपाकघरातून पूर्ण वेळ गात होता. उलट टपाली विचारणा झाली : तो गात असल्याचं श्रोत्यांपैकी कुणी ऐकलं असल्यास तसा दाखला जोडावा.

काकांनी दाखल्याचा मसुदा करून काकूंपुढे ठेवला आहे. काकूंनी तो वाचला आणि ‘त्रुटी’ असं लिहून परत पाठवला.